बेक्कारियाचा हिशेबी माणूस आणि आजचा चोर: एकच का?

द्वितीय_वर्ष

नमस्कार. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गुन्हेगारीशास्त्राचा पेपर तोंडावर आलाय. नोट्समध्ये अभिजात संप्रदाय असा उरकलाय: मिलानचा बेक्कारिया 1764, इंग्लंडचा बेंथम 1789. माणूस स्वतंत्र इच्छेने वागतो, सुखदुःखाचा हिशेब करतो, म्हणून शिक्षेचं दुःख गुन्ह्याच्या सुखापेक्षा थोडं जास्त ठेवा. मध्येच 'गुन्हेगार जन्मजात असतो' म्हणणारा लोम्ब्रोझो येतो, 1876, कवट्या मोजून जातो. मग एकदम नव्वद वर्षांची उडी आणि 'रॅशनल चॉइस', म्हणजे गुन्हा ही फायदा-तोटा पाहून केलेली निवड: बेकर 1968, कॉर्निश आणि क्लार्क 1986. खाली एक ओळ, "हा अभिजात विचारांचाच आधुनिक अवतार होय."

मला तो 'होय' पचत नाहीये. नुसता अवतारच असेल तर दोनशे वर्षांत नवीन काय सांगितलं?

आणि दुसरी शंका. इंटर्नशिपला फौजदारी कोर्टात बसते तेव्हा बाकावर जे आरोपी दिसतात त्यांतले बरेचसे दारू पिऊन हाणामारी केलेले असतात. यांनी कसला हिशेब केला असेल? सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेला एवढं लागत नाही.

परीक्षेपुरतं नको, नीट समजून घ्यायचंय. कुणी सांगेल का?

आकडेमोड

अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे बेकरपुरतं बोलतो.

कथा मजेशीर आहे आणि खुद्द त्यानेच नोबेल व्याख्यानात सांगितली आहे. कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला निघाला होता, उशीर झालेला. गाडी पैसे भरून वाहनतळावर लावावी की रस्त्यावरच बेकायदा ठेवावी? दंड किती, पकडले जाण्याची शक्यता किती, वाहनतळ किती लांब, असा मनात हिशेब केला आणि गाडी रस्त्यावर लावली. चालत जाताना डोक्यात आलं की समोरची बाजूही असाच हिशेब करत असणार: किती गाड्या तपासायच्या, दंड किती ठेवायचा. परीक्षेत त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याला हाच प्रश्न टाकला. (बेकरला दंड झाला नाही. विद्यार्थ्याचं काय झालं याची मला जास्त काळजी वाटते.)

1968 च्या लेखाचा गाभा असा: गुन्हा करणारा वेगळ्या मातीचा नसतो. पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षेचा आकार, दोन्ही मिळून गुन्ह्याची 'किंमत' ठरते. ती मिळकतीपेक्षा जास्त वाटली तर तो थांबतो.

आणि 'अवतार' म्हणायला माझी हरकत नाही, कारण बेक्कारियाने हे गणित अक्षरशः केलं होतं. 1764 मध्येच, मिलानमध्ये त्याचे मित्र 'इल काफे' नावाचं नियतकालिक काढत, त्यात तस्करीवर त्याचा छोटा लेख आहे. जकात इतकी, मालाची किंमत इतकी. तर व्यापाऱ्याने किती माल चोरून नेला म्हणजे बाकीचा जप्त झाला तरी पदरचं जाणार नाही? चक्क बीजगणित मांडलंय. बेकरच्या आधी दोनशे वर्षं!

उलटतपासणी

आकडेमोड यांची माहिती मंजूर, निष्कर्ष नामंजूर. :)

मी हयातभर बचाव पक्षाची वकिली केली, बहुतेक काळ ज्यांना वकील परवडत नाही अशांची. आता निवृत्त आहे, म्हणून लांबलचक लिहायला वेळ आहे. द्वितीय_वर्ष, तुला तू म्हणते, चालेल ना?

बेक्कारिया वाचताना आधी एवढं बघ की हा माणूस भांडतोय कोणाशी. तो भांडतोय न्यायाधीशाशी. सव्वीस वर्षांचा पोरगा, पुस्तकावर नाव घालायची सोय नाही, लिव्हर्नोहून निनावी छापून आणतो. त्याच्या काळात कबुलीजबाब मिळवायला आरोपीचे हाल करणं हा रीतसर कामकाजाचा भाग होता. मिलानमध्ये 1630 च्या प्लेगात ग्युलिएल्मो पियात्सा नावाच्या आरोग्य खात्यातल्या माणसाला एका बाईने खिडकीतून भिंतीला हात पुसताना पाहिलं. झालं. हा भिंतींना प्लेगचं मलम फासतो, अशी हाकाटी. हाल सोसवेनात तेव्हा त्याने मोरा नावाच्या एका न्हाव्याचं नाव घेतलं, मोरानेही कबूल केलं, दोघांना हालहाल करून मारलं. न्हाव्याचं घर पाडून त्या जागी 'कलंकस्तंभ' उभारला. तो खांब बेक्कारिया लिहीत होता तेव्हा मिलानच्या रस्त्यात उभाच होता, 1778 ला पाडला. त्याचा मित्र पिएत्रो व्हेर्री याने या खटल्यावर सविस्तर लिहिलं आहे.

आता हाल करण्याविरुद्धचा बेक्कारियाचा युक्तिवाद बघ. तो म्हणतो, हे काम न्यायाधीशापेक्षा गणितज्ञाला द्या, तो चोख करेल: या निरपराध माणसाच्या स्नायूंची ताकद इतकी, मज्जातंतूंची संवेदना इतकी, तर किती वेदना दिली म्हणजे तो न केलेला गुन्हा कबूल करेल ते काढा. थंड डोक्याने मारलेली चपराक आहे ही. अंगापिंडाने दणकट असलेला गुन्हेगार सुटतो, अशक्त निरपराध लटकतो. त्याच्या हिशेबाचा रोख इथे आहे. हिशेबी माणूस हा त्याने चोरांच्या वस्तीत जाऊन शोधलेला नमुना नव्हता. ती राज्याला घातलेली अट होती: माणूस विचार करू शकतो असं धरून चाला, त्याला आधी कायदा सांगा, लेखी सांगा, सगळ्यांना एकच सांगा, आणि गरजेपेक्षा एक कणही जास्त शिक्षा करू नका. न्यायाधीशाने फक्त कायदा आणि कृत्य जुळतात का एवढं पाहायचं. फ्रान्सने 1791 च्या दंडसंहितेत हे इतकं मनावर घेतलं की बऱ्याच गुन्ह्यांच्या शिक्षा आकड्यासकट ठरवून टाकल्या, न्यायाधीशाला इकडे-तिकडे हलायला जागाच नाही. ते काही चाललं नाही, 1810 मध्ये किमान-कमाल पट्टा परत आणावा लागला. तुझ्या नोट्समध्ये 'नव-अभिजात' म्हणून जे असेल ते साधारण इथून सुरू होतं.

तस्करीचा लेख आहे, मान्य. पण तोही वाचा: तस्कराला कसं रडवावं यापेक्षा जकात किती ठेवली तर तस्करी परवडेल, हा त्यात राज्यकर्त्याला दिलेला इशारा आहे.

बेकरचं गणित सरळ पुढे नेलं की काय होतं? पोलीस ठेवायला खर्च येतो, दंडाचा आकडा वाढवायला काहीच लागत नाही. मग थोडेच पकडा आणि पकडलेल्याची कंबर मोडा, शक्यता गुणिले शिक्षा हा गुणाकार तोच येतो. बेक्कारिया बरोबर याच्या उलट म्हणत होता: मध्यम शिक्षा, पण चुकणार नाही अशी. तेव्हा अवतार म्हणताना जरा बेतानं.

आणि हा गुणाकार कोर्टात टिकत नाही, कारण मध्ये माणसं असतात. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात कुणाच्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी केली तर फाशी होती. ज्युरी काय करायचे? चोरीच्या मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग लावायचे! समोर माल दिसतोय, सगळ्यांना कळतंय, तरी एकोणचाळीस. खोट्या दस्तऐवजांना फाशी होती तर 1830 मध्ये बँकवाल्यांनीच संसदेकडे अर्ज केला की ही फाशी काढा, कारण ज्युरी दोषी ठरवत नाहीत आणि आमचे पैसे बुडतात. दयेपोटी नव्हे हां, धंद्यापोटी. शिक्षा फुगवली की खात्री गळते. दोन्ही आकडे एकमेकांपासून सुटे नसतात, आणि कागदावरच्या गुणाकारात ते सुटे धरलेले असतात.

आता कॉर्निश आणि क्लार्क. हे दोघे वेगळ्याच वाटेने आले: क्लार्क ब्रिटिश गृहखात्याच्या संशोधन विभागात होता, समोर रोजचा प्रश्न, घरफोड्या कशा कमी करायच्या. त्यांनी प्रश्नच बदलला. 'माणूस गुन्हेगार का होतो' हे बाजूला ठेवून 'या माणसाने हीच गाडी, आत्ता, इथेच का उचलली' असं विचारलं. हिशेब अर्धवट असतो, घाईचा असतो, चुकीच्या माहितीवर असतो, पण असतो. आणि प्रत्येक गुन्ह्याचा वेगळा असतो. घरफोडीचा हिशेब खिसेकापूच्या कामाचा नाही.

माझं आवडतं उदाहरण पश्चिम जर्मनीचं. हेल्मेटसक्ती आधीपासून होती, पण 1980 पासून न घालणाऱ्याला जागच्या जागी दंड व्हायला लागला. उद्देश अपघातात डोकी वाचवण्याचा. पण 1980 मध्ये वर्षाला सुमारे दीड लाख दुचाकी चोरीला जात होत्या, त्या 1986 पर्यंत 54 हजारांच्या आसपास आल्या. चोरीची शिक्षा एका दिवसानेही वाढली नव्हती! झालं एवढंच की गाडी दिसली, उचलली आणि सुटला, असं करणाऱ्याजवळ हेल्मेट नसतं, आणि बिनहेल्मेटचा स्वार आता चौकातल्या पोलिसाच्या नजरेत भरतो.

माझा एक जुना अशील घरफोड्या करायचा. त्याला मी एकदा विचारलं होतं, घर कसं निवडतोस. त्याने कुलपाचा उल्लेखही केला नाही. म्हणाला, बाई, आधी बाहेर पडायची वाट बघायची. मागून निघता येत असेल तरच पुढून शिरायचं. मग दाराशी साचलेली टपाल, दिवसा जळत राहिलेला दिवा, कुत्र्याचं भांडं. त्यातही भांडं कोरडं आहे की ओलं हे बघायचा. या कलमाला शिक्षा किती हे मात्र त्याला माझ्याकडून कळलं, आणि ऐकून तो खरोखर चकित झाला. हा माणूस हिशेबी नव्हता असं कोण म्हणेल? फक्त त्याच्या वहीत बेकरचा रकाना नव्हता.

कडेलोट

वकीलबाईंचा प्रतिसाद आवडला, पण मूळ धागाकर्तीची दुसरी शंका तशीच राहिली. नशेत, रागात केलेला गुन्हा कुठे बसवणार? घरफोड्याचं कुत्र्याचं भांडं ठीक आहे, बाटली फोडून डोक्यात घालणारा काय बघतो?

आणि 'निवड' म्हटलं की मला जरा चीड येते. ज्याच्यापुढे चार वाटा आहेत त्याची निवड आणि ज्याच्यापुढे दीड वाट आहे त्याची निवड एकाच तराजूत घालायची? सगळी चर्चा कुलपं, दिवे, हेल्मेट यांवर आली की विषमता वगैरे विषय आपोआप गुंडाळले जातात. शिवाय उद्या कुणाचं घर फुटलं तर म्हणणार, टपाल का साचू दिलीत!

आकडेमोड

+1 शेवटच्या वाक्याला. पण बेकरच्या बाजूने एक नोंद: शिक्षेच्या आकारापेक्षा पकडले जाण्याच्या शक्यतेचा परिणाम जास्त दिसत असेल तर त्याचा अर्थ गुन्हा करणारे जोखीम आवडणारे आहेत, हे त्याने त्याच लेखात लिहून ठेवलं आहे. अगदीच 'कंबर मोडा' संप्रदायाचा नव्हता.

उलटतपासणी

ती नोंद घेतली. जोखीम आवडते असं म्हणण्यापेक्षा जोखमीकडे पाठ फिरवतात असं मी म्हणेन. सेंट लुईसमध्ये राइट आणि डेकर यांनी तुरुंगाबाहेरच्या, धंदा चालू असलेल्या 105 घरफोड्यांशी बोलून अभ्यास केला, 1994 मध्ये आला. त्यातले कितीतरी जण सांगतात की पकडले जाण्याचा विचार आम्ही मुद्दाम मनात येऊ देत नाही, आला तर काम होत नाही. पैसे लागतात तेही बरेचदा आत्ता, आज रात्रीच्या नशापाण्याला. अशा माणसासाठी पाच वर्षांच्या जागी दहा वर्षं केली तर ती दुसरी पाच वर्षं त्याच्या आजच्या रात्रीत कुठे दिसणार?

कडेलोट, रागाचं म्हणता तर कोर्टातला एक अनुभव सांगते, तो मी उलटतपासणीत नव्हे, नुसता बसून पाहिलेला आहे. "साहेब, डोकं फिरलं, भान राहिलं नाही", हे वाक्य मी आरोपीच्या पिंजऱ्यातून इतक्या वेळा ऐकलंय. पण ज्याचं डोकं बायकोवर फिरतं त्याचं वरिष्ठावर फिरत नाही. दारूच्या गुत्त्यात बाटली फोडणारा आधी समोरचा एकटा आहे की चौघांत आहे हे बघतोच, कितीही प्यायलेला असो. चेहऱ्यावर मारायचं की कपड्याखाली झाकेल तिथे, हे बेभान माणसाला कसं सुचतं? तेव्हा हिशेब अगदीच शून्य नसतो. पण हेही खरं की असे खटले या सिद्धान्तात कोंबून बसवावे लागतात. चोरीत तो जसा चपखल बसतो तसा इथे बसत नाही. गुन्ह्यातली झिंग, अपमानाचा सूड, पोरांमध्ये वट दाखवणं, यांच्यावर रॅशनल चॉइसकडे सांगण्यासारखं फार थोडं आहे. जॅक कॅट्झ या समाजशास्त्रज्ञाने 1988 मध्ये नेमकी हीच बाजू लावून धरली होती.

दीड वाटेचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो बेंथमलाही माहीत होता. एकच दंड वेगवेगळ्या माणसाला वेगवेगळा लागतो, म्हणून संवेदनेवर परिणाम करणाऱ्या गोष्टींची त्याने ही लांबलचक यादी केली आहे, त्यात माणसाची आर्थिक स्थितीही आहे. फिनलंडने 1921 मध्ये दंड दिवसांच्या मिळकतीवर ठरवायला सुरुवात केली, तो याच विचाराचा व्यवहार. बाकी ठिकाणी श्रीमंताला दंड म्हणजे वाहनतळाचं भाडं.

साचलेल्या टपालीबद्दल, बळीला दोष देऊ नये हे बरोबरच. पण कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये जे म्हटलं त्याचा रोख एकेका घरमालकावर नव्हता. महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढली तरी घरफोड्या का वाढल्या, हे कोडं होतं. गरिबीने गुन्हा होतो एवढंच धरलं तर हे सुटत नाही. त्यांचं उत्तर: दिवसा घरं रिकामी राहू लागली आणि वस्तू हलक्या झाल्या. वस्तूंचं वजन पाहायला त्यांनी सीअर्स कंपनीचे कॅटलॉग काढले. 1960 मध्ये सगळ्यात हलका टीव्ही 38 पौंडांचा, 1970 मध्ये 15 पौंडांचा. काखोटीला मारून नेता येतो! इतका साधा पुरावा मला आजवर कुठल्या आरोपपत्रात सापडला नाही.

द्वितीय_वर्ष

तू म्हटलेलं चालेलच, मॅडम. धागा प्रिंट काढून ठेवलाय.

दोन गोष्टी राहिल्या. हेल्मेटमुळे दुचाकी सोडल्या, पण तेच चोर सायकली किंवा मोटारींकडे वळले नसतील का? आणि शिक्षेची खात्री, कडकपणा, तत्परता असं त्रिकूट पाठ करायला सांगतात, त्यातल्या तत्परतेवर नोट्समध्ये अर्धी ओळ आहे.

उलटतपासणी

वळले असते तर मोटारी आणि सायकलींच्या चोऱ्यांत तेवढीच भर दिसायला हवी होती. थोडी हालचाल दिसली, पण लाखभर दुचाकींचा खड्डा भरून निघाला नाही. मोटार उघडायला वेगळं कसब लागतं, सायकलवरून लांब जाता येत नाही. 'एक दार बंद केलं की चोर दुसरं उघडतो' हे ठासून सांगणारे लोक चोराला फारच उद्योगी समजतात.

तत्परता. बेक्कारियाचं म्हणणं, कृत्य आणि शिक्षा यांत अंतर कमी असेल तर मनात दोन्हींची गाठ पक्की बसते, एक आठवलं की दुसरं आठवतं. दुसरं कारण परीक्षेत कुणी लिहीत नाही, तू लिही: खटला लांबला की निकालाआधीची कोठडी हीच शिक्षा होऊन बसते, आणि ती निर्दोष सुटणाऱ्यालाही भोगावी लागते. माझे कित्येक अशील सुटले तेव्हा दोषी ठरले असते तरी तोवर बाहेर आले असते.

आजचा पुरावा मात्र संमिश्र आहे. हवाईमध्ये 2004 पासून 'होप' नावाचा प्रयोग झाला: परिवीक्षेवर (प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) सुटलेल्याने अमली पदार्थांची चाचणी चुकवली किंवा तीत सापडला तर लगेच, पण थोडेच दिवस तुरुंग. 2009 च्या मूल्यमापनात निकाल झकास आले. मग अमेरिकेतच आणखी चार ठिकाणी तोच प्रयोग करून पाहिला, 2016 मध्ये निकाल आले, आणि नेहमीच्या परिवीक्षेपेक्षा फारसा फरक दिसला नाही. हवाईच्या न्यायाधीशांचा वैयक्तिक दरारा होता, की तिथल्या यंत्रणेचं काही वेगळं होतं, यावर अजून वाद चालू आहे. उत्तरात दोन्ही निकाल टाक. नुसता पहिला टाकलास आणि परीक्षक वाचणारा निघाला तर तो तुला तिथेच धरेल.